येऊरच्या केळीबनांतून : रंगीत वटवाघळाच्या जागेच्या नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

कामाचा प्रश्न ठरला. ठाण्याजवळच्या येऊर आणि घोडबंदरच्या पट्ट्यात रंगीत वटवाघळाला राहता येईल अशी जागा किती आहे, आणि ती वर्षातले किती महिने टिकते? प्राणी दिसला तर आनंदच, पण नकाशा जागेचा काढायचा.

आधी प्राण्याबद्दल. शास्त्रीय नाव केरिव्हौला पिक्टा. निसर्गशास्त्रज्ञ पल्लासने १७६७ साली त्याचं वर्णन केलं. वजन जेमतेम ५ ग्रॅम, पाच रुपयांच्या नाण्याहून हलकं. अंगावर लोकरीसारखे दाट नारिंगी केस, पंखाच्या बोटांच्या कडेने नारिंगी पट्टे आणि मधलं कातडं काळं. कान नरसाळ्यासारखे. दिवसा ते केळीच्या वाळक्या पानाच्या गुंडाळीत झोपतं, एकटं किंवा जोडीनं, कधी सोबत पिल्लू. हातभर अंतरावरून फोटोत भडक दिसणारा हा रंग लोंबत्या पानात मिसळून जातो, कारण पानही असंच कुठे तांबूस, कुठे काळवंडलेलं असतं. वंशाच्या नावातच त्याचा पत्ता आहे. केरिव्हौला हा शब्द सिंहलीतून आला. केहेल म्हणजे केळ, आणि वौला म्हणजे वटवाघूळ. ज्यांनी ते नाव दिलं ते लोक कुठे बघायचं हे सांगून गेले आहेत.

पसारा मोठा आहे. श्रीलंका आणि भारतापासून नेपाळ, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीन, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत. पण नोंदी तुटक आहेत. भारतात दक्षिणेकडे, केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत, नोंदी आहेत. अलीकडे छत्तीसगडच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातूनही आली. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत २०२० मध्ये हे वटवाघूळ ‘संकटसमीप’ गटात गेलं. सुकवून चौकटीत बसवलेली रंगीत वटवाघळं शोभेची वस्तू म्हणून ऑनलाइन विकली जातात, हेही त्यामागचं एक कारण.

‘वनातलं वटवाघूळ’ म्हटलं की सगळे दाट जंगलात शोधायला जातात. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात करतोय : आधी वाळकं पान, मग जंगल त्यापासून किती लांब.

११ ऑक्टोबर

जागा पक्क्या केल्या. येऊर गाव, पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा आणि खाली घोडबंदरच्या बाजूला चेण्याजवळच्या वाड्या मिळून ११ बनं. सगळी खासगी परसात, बांधावर किंवा ओहोळाच्या कडेला. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आपण शिरत नाही. तिथे रेकॉर्डर लावायचा तरी वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि या हंगामाच्या प्रश्नाला त्याची गरज नाही.

‘वाळकं पान’ हा शब्द सैल आहे, म्हणून मोजण्यापूर्वी व्याख्या केली. चालणारं पान म्हणजे : देठ मोडलेला पण बुंध्याला धरून आहे. पातं आत वळून नळी झाली आहे. नळीचं खालचं तोंड उघडं आहे आणि त्याची रुंदी ४ ते १० सेंटिमीटर. तोंड जमिनीपासून निदान १ मीटर वर आहे. तोंडासमोर अर्धा मीटर मोकळी जागा आहे, म्हणजे उडून सरळ आत शिरता येईल. यातली एकही अट चुकली तर ते पान ‘लोंबतं’ या रकान्यात जातं, ‘चालणारं’ मध्ये नाही.

पहिली मोजणी : ११ बनं, १६४ उभे बुंधे, लोंबती वाळकी पानं २०७, चालणारी २३.

२०७ मधली २३. पावसाळ्याचं पान कुजतं, नळी धरत नाही, ओल्या कापडासारखं बुंध्याला चिकटतं. त्यामुळे ऑक्टोबरचा आकडा कमी येणार हे अपेक्षित होतं. तरी एवढा कमी येईल असं वाटलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

सामान.

रेकॉर्डर दोन, ऑडिओमॉथ, प्रत्येकी तीन पेन्सिल सेलवर चालणारे. सेकंदाला ३,८४,००० नमुने घेतात, म्हणजे वर १९२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज कागदावर तरी पकडता येतो. ५ सेकंदांची फाइल ३.८४ एमबी. ५ सेकंद रेकॉर्ड, १० सेकंद विश्रांती असं चक्र ठेवलं तर तासाला सुमारे ९२० एमबी. संध्याकाळचे ३ तास आणि पहाटेचे २ तास धरले तर रात्रीला ४.६ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर १३ रात्री निघतात. सेल त्याआधी संपतात, म्हणून दर आठवड्याला बदलायचे.

पान तपासायला साडेपाच मिलिमीटर जाडीचा वायरवाला कॅमेरा, १२ फुटी बांबूच्या टोकाला चिकटपट्टीने बांधलेला. त्याचे पांढरे दिवे काळ्या टेपने बंद केले. उजेड लागलाच तर लाल जिलेटीन लावलेली बॅटरी. दुर्बीण ८ बाय ४२. एक मीटर चौरस पांढरी मलमलची कापडं २०. फीतपट्टी, लक्समीटर, गमबूट.

नियम एकच आणि तो मोडायचा नाही : वटवाघळाला हात लावायचा नाही. पकडायची परवानगी आपल्याकडे नाही, आणि रेबीजविरोधी लसीचे आधीचे डोस गटातल्या सगळ्यांचे झालेले नाहीत. जमिनीवर पडलेलं सापडलं तरी खोका उपडा घालून वनविभागाला फोन करायचा.

१८ ऑक्टोबर

पहिला आठवडा रेकॉर्डिंगचा, आणि तो जवळजवळ वाया गेला.

वेळापत्रक भरताना स्थानिक वेळेची खूण करायची राहिली. १७.४५ ते २०.४५ आणि ४.४५ ते ६.४५ असं भरलं, यंत्राने ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरलं. त्यामुळे रेकॉर्डिंग झालं रात्री ११.१५ ते २.१५ आणि सकाळी १०.१५ ते दुपारी १२.१५. संध्याकाळचा जो तास सगळ्यात मोलाचा, वटवाघळं पानातून बाहेर पडण्याचा, त्यातलं काही नाही. दुपारच्या फाइलींत फक्त कोंबड्या आणि कुणाचा तरी मिक्सर.

यूटीसीत भरायचंच असेल तर भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटं वजा : १२.१५ ते १५.१५ आणि २३.१५ ते १.१५. हे आता डब्याच्या झाकणावर मार्करने लिहिलं आहे.

दुसरी चूक पिशवीची. पाऊस येईल म्हणून रेकॉर्डर पातळ झिप पिशवीत ठेवला होता. किल्ल्यांचा जुडगा तीन मीटरवरून हलवून पिशवीसह आणि पिशवीविना रेकॉर्ड केलं. कानाला फरक नाही. आलेखात मात्र ८० किलोहर्ट्झच्या वर पिशवीतला आवाज पुसल्यासारखा फिका. साध्या पिपिस्ट्रेलसाठी, म्हणजे नेहमी दिसणाऱ्या छोट्या वटवाघळासाठी, ही पिशवी चालून जाते, या प्राण्यासाठी नाही. आता पत्र्याचं छोटं छप्पर, मायक्रोफोन खालच्या बाजूला आणि त्याचं भोक उघडं. उघड्या भोकात लाल मुंग्या शिरतात, म्हणून टांगायच्या दोरीला दोन बोटं रुंदीचा व्हॅसलीनचा पट्टा.

२० ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन उद्या. बन क्रमांक २ आणि ७ मधून मिळून ९ बुंधे तोडले गेले, पूजेच्या खुंटांसाठी. जांभळी नाक्यावर दोन दिवस केळीचे खुंट विकले जातात, त्यातले काही इथूनच उतरतात. बुंधे १६४ वरून १५५. तोडलेले सगळे कोवळे, त्यामुळे चालणाऱ्या पानांत फरक नाही.

२९ ऑक्टोबर

अवकाळी पाऊस. कापडं भिजली, मोजणी रद्द. चालणाऱ्या पानांतली बरीच पुन्हा मऊ पडली असणार.

८ नोव्हेंबर

ऊन पडलं आणि बनं बदलली. आज पूर्ण दिवस एकाच गोष्टीवर घालवला : पान नळी कसं होतं ते बघण्यावर.

केळीचं पान कडेकडून मरतं. आधी पात्याची कड तपकिरी होते, मग मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू. शीर सगळ्यात शेवटी वाळते. देठ बुंध्याशी मऊ पडला की पान त्याच्याच वजनाने दुमडतं आणि टोक खाली करून बुंध्याला समांतर लोंबतं. पात्याची खालची बाजू आणि वरची बाजू एकाच वेगाने वाळत नाहीत, त्यामुळे कडा आत वळतात. मधली शीर पाठीच्या कण्यासारखी ताठ राहते आणि तिच्याभोवती पातं गुंडाळलं जातं. वारा कमी असेल तर एकसंध नळी होते. वारा असेल तर पातं आधीच फाटून पट्ट्या झालेल्या असतात आणि पट्ट्यांची नळी होत नाही, झालर होते.

यावरून एक गोष्ट उलगडली. बन क्रमांक ५ उघड्या टेकाडावर आहे, बुंधे सगळ्यात जास्त, ३१, आणि चालणारी पानं फक्त २. बन क्रमांक ९ ओहोळाच्या खोलगट भागात, वर आंबा आणि भेंडाची सावली, बुंधे १२, चालणारी पानं ११. आडोसा असेल तर पान फाटत नाही. नुसती केळीची संख्या मोजून जागेचा अंदाज काढला असता तर पाच नंबर पहिला आला असता.

तपासायची पद्धतही आज बसली. वेळ ११ ते ३. ऊन डोक्यावर असताना पान आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असं खाली उभं राहायचं. पातं उजेडात चहाच्या रंगाचं दिसतं आणि आत काही असेल तर त्याचा काळा डाग उमटतो. आधी तीन मीटरवरून दुर्बिणीने. गांधीलमाश्यांचं पोळं याच पानांखाली असतं आणि ते खालून सहज दिसत नाही, त्यामुळे दुर्बीण न लावता बांबू वर न्यायचाच नाही. मग कॅमेरा नळीच्या तोंडाच्या पाच सेंटिमीटर खाली आणून थांबवायचा. आत घालायचा नाही, पान हलवायचं नाही, ठोकून बघायचं नाही. एका बनात दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच बनात पुन्हा १४ दिवसांनी. पानात राहणारी वटवाघळं जागा बदलत राहतात. आपल्या येण्याजाण्यानेच ती हलली तर मोजणीला अर्थ उरत नाही.

आज ४४ चालणारी पानं तपासली. कोळी, पाली, एक झाडबेडूक, दोन पोळी. वटवाघूळ नाही.

१५ नोव्हेंबर

कापडांचा निकाल. २० पानांखाली सात रात्री मलमल पसरून ठेवली होती, चार कोपऱ्यांना दगड. सहा कापडांवर लेंड्या.

इथे घाई केली की फसायला होतं. लांबट काळी लेंडी दिसली की वटवाघूळ म्हणण्याचा मोह होतो. तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघितले. पालीच्या लेंडीला एका टोकाला पांढरा खडा असतो. उंदराची लेंडी कडक, चिमट्याने दाबली तर दबते नाहीतर तुटते, भुगा होत नाही. किडे खाणाऱ्या वटवाघळाची लेंडी चिमट्याच्या नुसत्या स्पर्शाने भुरभुरते आणि भुग्यात किड्यांच्या पंखांचे, टरफलांचे चकचकीत कण दिसतात, भिंगाखाली अभ्रकासारखे. मास्क आणि हातमोजे घालूनच, आणि वाऱ्याकडे पाठ करून.

सहापैकी चार कापडांवर पाल, एकावर उंदीर. बन क्रमांक ९ च्या एका कापडावर मात्र भुरभुरणाऱ्या सात बारीक लेंड्या, भातापेक्षाही लहान. म्हणजे ओहोळाच्या बनात त्या पानाच्या आत किंवा वर कुठेतरी एक छोटं किडेखाऊ वटवाघूळ आठवड्यात निदान एकदा थांबलं. कुठलं ते लेंडीवरून कळत नाही. पानाला पिवळी फीत बांधली, देठापासून लांब, बुंध्याला.

२२ नोव्हेंबर

आवाजाचं काम. दुरुस्त वेळापत्रकानंतरच्या फाइली ऐकून, म्हणजे आलेखात बघून, झाल्या.

भरपूर आहे ते पिपिस्ट्रेल : ४० ते ५५ किलोहर्ट्झजवळ शेपूट सपाट होणारी हॉकी स्टिक. बन ३ आणि ९ जवळ १३० किलोहर्ट्झच्या आसपास आडवी सपाट रेघ, हिपोसिडेरॉस या दुसऱ्या वंशातल्या वटवाघळाची. ही रेघ आमच्या दृष्टीने फार मोलाची, कारण एवढ्या वरचा आवाज आपला मायक्रोफोन खरोखर पकडतो याची ती आपोआप झालेली चाचणी आहे. किल्ल्यांपेक्षा चांगली.

केरिव्हौलाची हाक यापेक्षा पूर्ण वेगळी : १०० किलोहर्ट्झच्या बऱ्याच वरून सुरू होऊन काही मिलिसेकंदांत खाली कोसळणारी जवळजवळ उभी रेघ, आणि अतिशय हलकी. दाट झाडोऱ्यात, पानाच्या वीतभर अंतरावर उडणाऱ्या प्राण्याला मोठ्याने ओरडायची गरज नसते. मोठा प्रतिध्वनी उलट त्याला गोंधळात टाकेल.

त्यात हवेचा हिशेब. आपल्याकडच्या उष्ण, मध्यम दमट हवेत ४० किलोहर्ट्झचा आवाज दर मीटरला साधारण सव्वा डेसिबल हवेत जिरतो, १०० किलोहर्ट्झचा साधारण ३. दहा मीटरवर एकाचे १२ ते १३ डेसिबल गेले, दुसऱ्याचे ३०. अंतरामुळे आवाज पसरतो ते वेगळंच. शिवाय मुळात कुजबूज. आमच्या हिशेबाने हा रेकॉर्डर पिपिस्ट्रेल वीसेक मीटरवरून ऐकतो, रंगीत वटवाघूळ चार-पाच मीटरच्या आत आलं आणि मायक्रोफोनच्या दिशेने तोंड असलं तरच.

तीन आठवड्यांत उभ्या, हलक्या हाका पाच फाइलींत आल्या. त्यातल्या तीन फाइलींत एकाखाली एक अनेक समांतर रेघा (हार्मोनिक) आहेत, म्हणजे मोठ्या कानांचं लायरोडर्मा वटवाघूळ, तेही दबक्या आवाजाचं. उरलेल्या दोन इतक्या फिक्या की त्यांना नाव देणं बरोबर नाही. ‘अनिश्चित’ या रकान्यात.

तेव्हा रेकॉर्डर गप्प राहिला म्हणून प्राणी नाही, असं या प्रकल्पात कुणीही लिहायचं नाही. पूर्ण हंगामाचं रेकॉर्डिंग रिकामं आलं तरी त्याचा अर्थ ‘११ बनांच्या आत रेकॉर्डरपासून चार-पाच मीटरच्या वर्तुळात हाक मिळाली नाही’ एवढाच.

आजपासून रेकॉर्डर बनाच्या कडेला लावायचं बंद. बनाच्या आत, चालणाऱ्या पानांच्या घोळक्यापासून तीन मीटरवर, पानांच्या तोंडांच्या उंचीला.

६ डिसेंबर

वणीच्या पाड्यावर सकाळी पोचलो तर बन क्रमांक ४ लख्ख झालेलं. सगळा पाला कोयत्याने उतरवून बुंध्याशी रचलेला. त्याच आठवड्यात ६, ८ आणि १० ही साफ झाली. चालणाऱ्या पानांतली १९ एका आठवड्यात गेली.

बन ४ च्या मालकीणबाईंशी बोललो. म्हणाल्या, “पाला ठेवला तं साप बसतो. आन् करपा वाढतो तो वेगळा.” दोन्ही खरं आहे, आणि त्यांचं केळीवर पोट आहे. “मावशी, सगळा नको. खालची तीन वाळकी पानं तेवढी ठेवाल का, पावसापर्यंत?” तर त्या म्हणाल्या, पावसाआधी काढीन, पण काढीन. यात आमच्या कामाचं उत्तर होतं, ते घरी येऊन लक्षात आलं.

सिगाटोका करपा, म्हणजे केळीच्या पानांवरचा बुरशीचा रोग, पसरतो तो ओल असताना. मेलेल्या पानातली बुरशी भिजली की बीजाणू सोडते. डिसेंबर ते मे कोरडे असतात, दव सोडलं तर. या महिन्यांत पूर्ण वाळलेलं, ठिपके न दिसणारं पान लोंबत ठेवलं तर रोगाचा धोका कमी. पिवळं पडत चाललेलं, करप्याचे लांबट ठिपके असलेलं पान मात्र तेव्हाच कापून बनाबाहेर न्यायला हवं. आणि पावसाच्या आधी, मेच्या शेवटी, सगळाच पाला उतरवणं शेतकऱ्याच्या दृष्टीने योग्य. वटवाघळाच्या दृष्टीनेही जूननंतर ते पान असंही कुजणार आहे. फक्त कापण्याआधी त्याच्या तोंडात खालून एकदा बघायचं.

म्हणजे मागणी ‘साफसफाई करू नका’ अशी करायची नाही. मागणी आहे : प्रत्येक बुंध्यावर तळाची तीन निरोगी वाळकी पानं डिसेंबर ते मे. सापासाठी खाली पडलेला पाला उचलला तरी पुरतं. साप बहुतेक वेळा बसतो तो जमिनीवरच्या ढिगात.

१४ डिसेंबर

उष्णता दाखवणारा कॅमेरा एक दिवस उसना मिळाला. पहाटे ६ ते ७.३० वापरून बघितला. निष्कर्ष स्पष्ट : या कामाला नको. वाळकं पान पातळ असलं तरी उष्णतेला अपारदर्शक आहे, कॅमेऱ्याला फक्त पानाचा बाहेरचा पृष्ठभाग दिसतो. शिवाय ५ ग्रॅमचा प्राणी थंडीत अंग गार करून पडला असेल तर त्याचा पानाशी फरकच उरत नाही. नळीत सरळ खालून बघता आलं तरच काही हाती लागतं, आणि तिथे आपला स्वस्त वायरवाला कॅमेरा जास्त चांगला.

२७ डिसेंबर

उजेडाची मोजणी, संध्याकाळी ७ ते ८, प्रत्येक बनात चार ठिकाणी, पानांच्या तोंडांच्या उंचीला. सहा बनांत लक्समीटर ०.१ च्या खाली. तीन बनांत रस्त्याच्या दिव्यामुळे १ ते ३. बन १ आणि ११ मध्ये शेजारच्या बंगल्याच्या प्रखर दिव्यामुळे १४ आणि ९. दाट झाडीत सावकाश, वळत वळत उडणारी वटवाघळं उजेड टाळतात, त्यामुळे ही दोन बनं पानं असूनही ‘कमकुवत’ गटात.

आठनंतर पाड्याच्या कडेला थांबत नाही. बिबट्याचा परिसर आहे. वाकून, एकट्याने काम तर मुळीच नाही.

१० जानेवारी २०२६

चालणारी पानं ६१. त्यातली ४७ तीनच बनांत : ३, ९ आणि बंद घरामागचं १०-अ, जे आधी १० मध्ये मोजलं होतं आणि आता वेगळं केलं. या तिघांना कुणी साफ करत नाही. ओहोळाच्या दोन बनांची मालकी अशी कुणाची नाही, तिसऱ्याचं घर बंद आहे.

बन ९, पिवळी फीत. तोंडाची रुंदी ६ सेंटिमीटर, जमिनीपासून १.९ मीटर. दुपारी १२.२० ला उजेडात डाग दिसला. कॅमेरा तोंडाखाली आणला. आत मधल्या शिरेला पायांनी धरून, डोकं खाली, एक छोटं वटवाघूळ. पोट वर-खाली होत होतं. रंग मातकट तपकिरी, पंख एकसारखे गडद, कान छोटे त्रिकोणी, नरसाळ्याचा आकार नाही, बोटांवर नारिंगीचा मागमूस नाही. पिपिस्ट्रेल. तीन फोटो घेऊन चाळीस सेकंदांत बाजूला झालो.

रंगीत नाही, पण फार महत्त्वाची नोंद. आमची ‘चालणारं पान’ ही व्याख्या आमच्या डोक्यातली होती. आज एका वटवाघळाने ती मान्य केली. लेंड्यांचं कोडंही बहुधा सुटलं.

सुगरणीचे जुने खोपेही या प्राण्याची नोंदलेली जागा आहेत, म्हणून चेण्याच्या बाजूच्या शिंदीवरचे सोडलेले १७ खोपे दुर्बिणीने बघून यादीत घेतले. कॅमेरा तिथवर पोचत नाही. कड्यांवरची रानकेळ, म्हणजे चवई, या हंगामात यादीत नाही : तिची पानं पावसाळ्यानंतर वाळून जातात आणि फुगीर बुंधा तेवढा उरतो, त्यामुळे तिची मोजणी ऑक्टोबरातच करायला हवी होती.

१ फेब्रुवारी

नकाशा. प्रत्येक बनाला चार आकडे : चालणारी पानं, आडोसा, उजेड, आणि साफसफाईचा महिना. झाडीपासूनचं अंतर पाचवा आकडा म्हणून ठेवलं, पण त्याने क्रम फारसा बदलला नाही. वनाच्या कडेला चिकटलेलं बन ६ साफ केलेलं, म्हणून तळाला. कडेपासून ३०० मीटरवरचं १०-अ वरून तिसरं. उपग्रहाच्या चित्रावरून हे कधीच कळलं नसतं, कारण तिथे सगळी केळ हिरवी दिसते.

बाहेर द्यायच्या नकाशात जागा १ किलोमीटरच्या चौकटीपर्यंतच दाखवायची. नेमके अक्षांश-रेखांश गटाच्या वहीत. रंगीत वटवाघळाला बाजारात किंमत आहे, त्यामुळे ते न सापडलेल्या जागेचाही नेमका पत्ता देण्याचं कारण नाही. फोटोंमधलं जीपीएस काढूनच फोटो पुढे पाठवायचे.

१४ फेब्रुवारी

हंगामातली चौथी पूर्ण मोजणी. चालणारी पानं ७४, पैकी ५८ त्याच तीन बनांत. बन ४ मध्ये ७ : मालकीणबाईंनी प्रत्येक बुंध्यावर नसली तरी ओहोळाकडच्या पाच बुंध्यांवर तळाची पानं ठेवली आहेत, आणि जमिनीवरचा पाला उचलला आहे. डिसेंबरात तिथे शून्य होतं.

रंगीत वटवाघूळ : पानांत नाही, आवाजात दोन अनिश्चित फाइलींपलीकडे नाही.

रेकॉर्डरचे सेल बदलले, व्हॅसलीन नव्याने लावलं. बन ९ च्या पिवळ्या फितीच्या पानाचा देठ आता तुटायला आला आहे. शेजारच्या बुंध्यावरचं पान नळी धरतंय, तोंड ५ सेंटिमीटर, त्याला हिरवी फीत. १४ दिवसांनी, २८ तारखेला, दोन्ही खालून बघायची.